मागचं नाव

"आपण याआधी इथे दुसऱ्या नावाने काम करत होतात का? असल्यास कोणत्या?" गेल्या थंडीत आमच्या गटाच्या चर्चेच्या पानावर एका रात्री हे दोन प्रश्न आले. भाषा अगदी सभ्य होती. वर 'नमस्कार' होता, खाली 'गैरसमज नसावा' होतं. ज्या व्यक्तीला विचारले होते ती महिनाभरापूर्वी गटात आली होती. नावाच्या जागी एका फुलाचं नाव, फोटोच्या जागी काहीच नाही. आमचा गट म्हणजे पुणे, नागपूर, बडोदा, इंदूर असे विखुरलेले काही लोक आणि इकडे ग्वाल्हेरात, लष्कर नावाच्या भागात मी. ज्यांचे लेखक जाऊन साठ वर्षं उलटली आहेत अशी जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करायची, ओसीआरने, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीने, त्यांतला मजकूर काढायचा आणि मग एकेक पान घेऊन तो छापील पानाशी ताडून दुरुस्त करायचा, हे आमचं काम. ओसीआरचा मजकूर फार गचाळ येतो. रफार उडून जातात, 'ख'चा 'रव' होतो, 'भ'चा 'म' होतो, शाई फुटलेल्या जागी स्वल्पविराम उगवतात. नवा माणूस पहिल्यांदा पान घेतो तेव्हा जुन्या छपाईतले 'तें', 'केलें', 'नाहीं' बघून हमखास अनुस्वार पुसतो आणि आजचं शुद्धलेखन लावतो. या व्यक्तीने पहिल्याच पानावर एकही अनुस्वार हलवला नाही. छापखान्याची चूक होती तिथे ती तशीच ठेवून तळाशी 'मुळात असेच' अशी टीप लिहिली. रोज रात्री अकरानंतर चार-पाच पानं, सगळी स्वच्छ. इतकं चांगलं काम नवखा माणूस करत नाही, हे आम्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. प्रश्न निघाला तो त्यातूनच.

उत्तर दोन दिवसांनी आलं. 'माझी पानं तपासून पाहावीत. काही चुकलं असेल तर सांगावं.' त्यानंतर त्या नावाने एकही पान झालं नाही. इकडे गटातल्या तिघांनी तिची सगळी पानं पुन्हा मुळाशी लावून पाहिली. काही सापडलं नाही.

तेव्हापासून ते दोन प्रश्न माझ्या मनातून जात नाहीत.

प्रश्न विचारणारे आमचे सर वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. गटाचा सगळा भार ते एकटे वाहतात. स्कॅन मिळवणं, फाटक्या प्रतींची पानं जुळवणं, रात्री-अपरात्री कुणाला अडलं तर फोन घेणं, सगळं तेच करतात. मी त्यांना फोन केला तेव्हा म्हणाले, "ताई, एकदा तोंड पोळलंय आपलं. विसरलात का?" विसरले नव्हते. आमच्याकडे प्रत्येक पानाची दोन वाचनं होतात आणि ती दोन वेगळ्या माणसांनी करायची असतात. विकिस्रोत म्हणजे विकिपीडियाचं ग्रंथालयासारखं भावंड; तिथे हीच रीत रंगांनी दाखवतात. न वाचलेलं पान लाल, एकाने वाचलेलं पिवळं, दुसऱ्याने तपासलेलं हिरवं. आणि ज्याने पान पिवळं केलं त्याला तेच पान हिरवं करता येत नाही. सगळा विश्वास या दुसऱ्या डोळ्यांवर उभा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एकच गृहस्थ तीन नावांनी वावरत होते. एका नावाने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने चर्चेत दोघांची पाठ थोपटायची. एका बखरीची कितीतरी पानं अशी 'दोनदा तपासलेली' म्हणून पुढे गेली आणि त्यांत ओळीच्या ओळी गाळलेल्या निघाल्या. ती सगळी पुन्हा करताना सरांचे डोळे दुखायला लागले होते. तेव्हा त्यांची भीती मला ऐकीव वाटत नाही, मी ती पाहिली आहे.

आणि ही भीती आमच्या एवढ्याशा गटापुरती नाही. इंग्रजी विकिपीडियावर २०१५च्या ऑगस्टअखेर एका झटक्यात ३८१ खाती बंद केली गेली. त्यांच्यामागे पैशांचा व्यवहार होता. छोट्या धंद्यांचे, कलाकारांचे नाकारले गेलेले लेख हेरायचे, त्यांच्याशी संपर्क साधायचा आणि लेख छापून आणायला, मग तो टिकवायला पैसे मागायचे. २०२१ साली तिथेच एक सदस्य प्रचालकपदासाठी, म्हणजे पानं काढण्याचे आणि खाती बंद करण्याचे अधिकार असलेल्या पदासाठी, उभा राहिला, लोकांनी भरभरून पाठिंबा दिला आणि निवड पुरी होण्याआधीच उघड झालं की हा तर बंदी घातलेला जुनाच सदस्य, नव्या नावाने आलेला. ज्यांनी त्याच्या बाजूने मनापासून लिहिलं होतं त्यांना काय वाटलं असेल, याचा मी बराच विचार केला. फसवणुकीपेक्षाही आपण ज्याचं कौतुक केलं तो माणूस खरा कोणता, हेच कळेनासं होतं. त्यानंतर येणाऱ्या दहा प्रामाणिक माणसांकडे तुम्ही निर्मळ नजरेने बघू शकत नाही. पॉल रेझनिक आणि एरिक फ्रीडमन या दोघांनी २००१ साली हेच गणिताने मांडलं होतं. जिथे नवं नाव फुकट मिळतं तिथे वाईट वागलेला माणूस नाव टाकून पुन्हा नवा होऊन येऊ शकतो, म्हणून तिथल्या लोकांना प्रत्येक नव्यावर थोडा अविश्वास ठेवावाच लागतो. आणि त्याची किंमत मोजतात ते खरोखरच नवे असलेले, काही न केलेले लोक. वाचलं तेव्हा पटलं. फुलाचं नाव घेतलेली ती व्यक्ती गेल्यावर मात्र तेच वाचताना वेगळं वाटलं, कारण किंमत कुणी मोजली ते आता डोळ्यांसमोर होतं.

ग्वाल्हेरात वाढलेल्या माणसाला परतून आलेल्यांच्या गोष्टी नवीन नाहीत. पानिपतानंतर भाऊसाहेबांचं काय झालं याची खात्री पटायला तयार नसलेल्या मुलखात तोतया उभा राहिला, ही गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना माहीत असते. रत्नागिरीच्या कैदेतून तो सुटला, कोकणात एकेक किल्ला त्याच्या हाती गेला, आणि १७७६ साली त्याचं बंड मोडणाऱ्यांत महादजी शिंदे होते. पुण्यात चौकशी होऊन त्याला देहान्त झाला. त्याला मानणारे सगळे लबाड नव्हते. कित्येकांना भाऊ परत यायला हवेच होते. मात्र याच शिंद्यांच्या राज्यातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सत्तावन्ननंतर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत नाहीसे झाले आणि पुढे वर्षानुवर्षं इंग्रज सरकार त्यांना हुडकत राहिलं. १८७४च्या ऑक्टोबरात जयाजीराव शिंद्यांनी इथे एका माणसाला नानासाहेब म्हणून धरलं आणि इंग्रजांच्या हवाली केलं. त्याला कानपूरला नेलं. नानांना पाहिलेल्या लोकांपुढे उभं केलं. शेवटी ठरलं की हा नाना नव्हे. भाऊंचा तोतया 'मीच तो' म्हणत होता आणि लोकांनी ते मानलं. इथे एका भलत्याच माणसाला 'तूच तो' म्हणून धरलं गेलं. त्या माणसाचं पुढे काय झालं असेल, घरी परतल्यावर त्याच्याकडे शेजारी कसे बघत असतील, हे कुठे लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. इतिहासात तोतयाला जागा मिळाली, त्याला मिळाली नाही.

सर म्हणाले होते, "मला तर लिहिण्यावरूनच कळलं कोण ते." त्यांच्या मनात कोण होतं हे मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी एक बाई गटातून निघून गेल्या होत्या. त्याही 'मुळात असेच' लिहीत, त्यांचीही पानं रात्रीच होत. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच नाव आलं होतं आणि मला त्याचा आनंद झाला होता. त्या असाव्यात असं मला वाटत होतं. ढबीवरून माणूस ओळखू येतो यावर माझा विश्वास आहे. या गावात राहून तो नसेल तर नवल. आमच्याकडे सांगतात की बडे महंमद खाँ दुसऱ्या कुणाला गाणं देत नसत, म्हणून दौलतराव शिंद्यांनी हद्दू खाँ-हस्सू खाँना पडद्याआड बसवून त्यांचं गाणं ऐकवलं. पुढे त्या दोघांच्या गळ्यातून तान निघाली तेव्हा खाँसाहेबांनी क्षणात ओळखलं की ही आपली. दंतकथा असेल. पण तानसेन समारोहाला थंडीत शाल गुंडाळून बसलेले म्हातारे रसिक अजूनही डोळे मिटून गाणाऱ्याचा गुरू सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. गोम अशी की एका गुरूचे शिष्य पाच असतात. 'मुळात असेच' ही टीप त्या बाईंनी शोधून काढलेली नव्हती. जुन्या संपादित ग्रंथांत ती सर्रास असते. अनुस्वार न हलवणं ही तर कुठल्याही चांगल्या संशोधनवर्गात शिकवली जाणारी पहिली गोष्ट. तेव्हा ही व्यक्ती त्या बाई असतील, किंवा कुण्या विद्यापीठातली जुन्या ग्रंथांवर काम केलेली, घरात रात्री अकरानंतरच मोकळी होणारी दुसरीच कुणी असेल. ढबीवरून घराणं कळतं. माणूस कळतोच असं नाही.

मी शाळेत असताना आईच्या ट्रंकेत एक जुनं पुस्तक सापडलं होतं. पहिल्या पानावर शाईने एका मुलीचं नाव लिहिलेलं होतं, आम्हा भावंडांपैकी कुणी कधी न ऐकलेलं. आडनाव आजोळचं. आम्ही विचारलं, ही कोण? आई म्हणाली, "मीच." लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि आधीचं मागे राहिलं. तिला त्याचं दुःख होतं की नाही, मला तेव्हाही कळलं नाही. 'मीच' म्हणताना तिने पुस्तक माझ्या हातातून घेऊन पुन्हा ट्रंकेत ठेवलं, इतकंच आठवतं. लष्करातल्या जुन्या घरांमधून हे घरोघरी झालेलं आहे. राजवाडाही त्याला अपवाद नव्हता. सागरच्या लेखा दिव्येश्वरी १९४१ साली लग्न होऊन इथे आल्या आणि विजयाराजे झाल्या. नाव बदललेल्या या सगळ्या बायकांनी पुढे आयुष्यभर घरं चालवली, हिशेब ठेवले, वह्या लिहिल्या, आणि त्यांच्या कामाचा भरवसा ठरवताना मागचं नाव कुणी विचारलं नाही. बदलायला लावणाऱ्यांनाच ते नको होतं, हे खरं आहे आणि कडू आहे. तरीही मला त्यातून दिसतं ते हे की नावाचा धागा तुटला तरी कामाचा भरवसा नव्याने बसतो. आपण तो पिढ्यानपिढ्या बसवत आलो आहोत.

ऑनलाइन गटातून माणूस जातो आणि वेगळ्या नावाने परततो, त्याची कारणं बहुतेक वेळा चर्चेच्या पानावर लिहिता येण्यासारखी नसतात. कुणाच्या मागे कुणी हात धुऊन लागलेलं असतं. कुणाच्या नवऱ्याला किंवा सासरच्यांना ते जुनं नाव माहीत झालेलं असतं. कुणी खऱ्या नावाने लिहीत होतं आणि आता सरकारी नोकरीत आहे. कुणाचं जुनं भांडण इतकं लाजिरवाणं झालं होतं की त्या नावाने पुन्हा दार वाजवायची हिंमत होत नाही. इंग्रजी विकिपीडियाने हे ओळखून वाट ठेवली आहे. ज्याच्यावर बंदी वा निर्बंध नाहीत तो जुनं खातं टाकून नव्याने सुरुवात करू शकतो. अट एवढीच की जुन्या भांडणात पुन्हा शिरायचं नाही, जुनं खातं चालवायचं नाही. मागचं नाव जाहीर करायला तिथे कुणी लावत नाही. बंदी घातलेल्यांसाठीही तिथे एक रुळलेली वाट आहे: सहा महिने दुसऱ्या कुठल्याही नावाने न येता थांबा, पुन्हा तसं करणार नाही असं सांगा, आणि मग परत येण्याची विनंती करा. मला यातले सहा महिने फार आवडतात. माणसाचा पश्चात्ताप मोजता येत नाही, त्याचं थांबणं मोजता येतं.

तपासणीची साधनं आहेत, हेही सर मला सांगतात. विकिपीडियावर निवडक विश्वासू लोकांना एखादं खातं कुठल्या अंकपत्त्यावरून (आयपी अ‍ॅड्रेसवरून) आणि कुठल्या ब्राउझरमधून वापरलं गेलं हे पाहता येतं. तेही ठोस कारण असेल तरच, आणि ती माहिती ९० दिवसांपुरतीच ठेवलेली असते. लहान भाषांच्या विकिपीडियांवर तर हे अधिकार बहुधा स्थानिक कुणाकडे नसतात, मेटावरच्या, म्हणजे सगळ्या विकींच्या समाईक संकेतस्थळावरच्या, कारभाऱ्यांना विनंती करावी लागते. मला ही रचना शहाणपणाची वाटते, कारण ज्याला शंका आली त्याच्याच हाती कुलूप उघडायची किल्ली दिलेली नाही. शिवाय अंकपत्ता म्हणजे माणूस नव्हे. आमच्या गल्लीत लाइट गेली की सगळे मोबाइलच्या डेटावर येतात, आणि मोबाइल कंपन्या एकेका अंकपत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. त्या क्षणी मी, समोरचा किराणावाला आणि वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरचे दिसू शकतो. त्या मुलाने कुठे काही वाह्यातपणा केला तर त्या पत्त्यावर पडलेली बंदी माझ्याही बखरीवर पडेल.

आरन हाफकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली इंग्रजी विकिपीडियाचा अभ्यास मांडला. सक्रिय सदस्यांची संख्या २००७ नंतर घटत का गेली, हा त्यांचा प्रश्न होता. मोडतोड करणाऱ्यांपासून बचाव म्हणून जी यांत्रिक साधनं आणि जे कडक नियम आले, त्यांत चांगल्या मनाने आलेल्या नव्यांचंही काम वाढत्या प्रमाणात उलटवलं जाऊ लागलं आणि ते लोक टिकेनासे झाले, असं त्यांना दिसलं. तिथे माणसं हजारोंनी होती म्हणून ते प्रकरण तगलं. आमच्याकडे जुनी मराठी छपाई न अडखळता वाचणारी माणसं मुळात किती आहेत? एक गेलं की एक पुस्तक वर्षभर पडून राहतं. हे मी सरांना रागाने म्हटलं नाही, काकुळतीने म्हटलं.

मग मी गटासाठी एक मसुदा लिहिला. त्यात मागचं नाव विचारायचं नाही, हे पहिलं. आपल्याला खरोखर भीती कशाची आहे? पहिलं आणि दुसरं वाचन एकाच माणसाने करण्याची. मग तेवढंच विचारू: 'सध्या या गटात तुमचं दुसरं एखादं नाव चालू आहे का?' याचं उत्तर कुणालाही मागचं आयुष्य न उघडता देता येतं. ज्याला चर्चेच्या पानावर लिहायचं नसेल त्याने गटातल्या ठरलेल्या दोघांपैकी एकाला खाजगीत कळवावं, आणि ती गोष्ट तिथेच राहावी. दुसरं, नव्या नावाने आलेल्या प्रत्येकाची सुरुवातीची काही पानं तिसऱ्याही माणसाने वाचावीत. प्रत्येकाची, ज्याचं काम संशयास्पद रीतीने चांगलं आहे त्याची आणि ज्याचं कच्चं आहे त्याचीही, आणि ते आधीपासून सांगून. गुपचूप तपासलेली पानं आणि उघडपणे वाचलेली पानं यांत त्या माणसाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरं, ज्याला आपण काढलं होतं त्याला सहा महिन्यांनी विनंती करायची सोय.

सरांनी मसुदा दोनदा वाचला आणि फोन केला. पहिला मुद्दा त्यांना जड गेला. "आणि खोटं सांगितलं तर?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर, मागचं नाव विचारलं तरी खोटं सांगता येतंच. खोटं सांगणारा सहज सांगून जातो आणि खरं सांगू न शकणारा गप्प बसतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक वर्ष करून बघू." सहा महिन्यांच्या मुद्द्यावर मात्र ते अडले आहेत. तीन नावांच्या त्या गृहस्थांनी उद्या विनंती केली तर आपण काय करणार, असं त्यांचं म्हणणं. नागपूरच्या सदस्यांचंही तेच मत पडलं आहे. मी त्यांना लिहिलं आहे की विनंती आली तर ती वाचावी, आणि त्या गृहस्थांना पानं द्यावीत ती आधी त्याच बखरीची द्यावीत. यावर अजून सगळ्यांची मतं यायची आहेत. पहिला मुद्दा तोवर लागू झाला आहे आणि चर्चेच्या पानावरचे ते दोन प्रश्न सरांनी स्वतःच खोडून त्याखाली लिहिलं आहे: 'पानं तपासली. उत्तम आहेत. पुढचं प्रकरण तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे.'